घरचा कॉम्प्युटर स्लो झालाय? फॉरमॅट मारण्याआधी एवढं बघा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका ताईंनी विचारलंय: "२०१७ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. सातव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, विंडोज १०. बटण दाबल्यापासून हातात यायला सात-आठ मिनिटं जातात. मिस्टर दुकानाचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतात, मुलगी कॉलेजचे फॉर्म भरते, घरातले सगळे फोटो त्यातच आहेत. एका दुकानात म्हणाले फॉरमॅट मारू, दुसऱ्या दुकानात म्हणाले हा आता टाका, नवीन घ्या. घरच्या घरी काही करता येईल का? खर्च करायचाच झाला तर कशावर करायचा?"

ताई, टाकू नका. आणि फॉरमॅटही एवढ्यात मारू नका.

तुमचा प्रोसेसर, म्हणजे तो आय-थ्री, एक्सेल, ब्राउझर, पीडीएफ आणि फॉर्म एवढ्या कामाला आजही पुरतो. प्रोसेसर वर्षांगणिक हळू होत जात नाही. २०१७ साली तो जितकं काम करत होता तितकंच आजही करतो. तुम्हाला दिसतो तो हळूपणा म्हणजे प्रोसेसरने कुणाची तरी वाट बघत काढलेला वेळ. बहुतेक वेळा तो हार्डडिस्कची वाट बघतो, कधी रॅम भरलेली असते, कधी उष्णतेमुळे त्याला स्वतःचा वेग कमी करावा लागतो, तर कधी सुरुवातीलाच वीस प्रोग्रॅम एकदम त्याच्या अंगावर येतात. कुणामुळे अडलंय ते कळल्याशिवाय केलेली कुठलीही सफाई म्हणजे अंदाजाने दिलेलं औषध.

फॉरमॅट मारल्यावर फरक पडतो, हे खरं आहे. साचलेले प्रोग्रॅम जातात आणि पहिले काही दिवस कॉम्प्युटर पळतो. पण डिस्क तीच, रॅम तीच. प्रिंटरचं सॉफ्टवेअर, एक्सेल, मराठी टायपिंग, ब्राउझर सगळं परत चढलं की दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच गाऱ्हाणं घेऊन लोक येतात. त्यात फोटोंची कॉपी काढायची राहिली असेल तर तेही गेले. शाहूपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं टेबल टाकून बसल्यापासून स्लो कॉम्प्युटरपेक्षा जास्त वाईट मला याचंच वाटत आलंय: घाईने मारलेल्या फॉरमॅटमध्ये गेलेले लग्नाचे, बारशाचे फोटो.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी एक साधा फरक ओळखा. कॉम्प्युटर स्लो आहे की नेट? नेट पूर्ण बंद करा आणि एखादं फोल्डर उघडा, एक्सेलची फाइल उघडा, कॅल्क्युलेटर उघडा. हे झटकन उघडत असेल आणि फक्त वेबसाइट अडत असतील, तर दोष वायफायचा किंवा समोरच्या सर्व्हरचा. प्रवेशाच्या फॉर्मची शेवटची तारीख असली की सर्व्हरवर इतकी गर्दी होते की नवाकोरा लॅपटॉपसुद्धा गोल गोल फिरत बसतो. राऊटर पुढच्या खोलीत आणि कॉम्प्युटर मागच्या खोलीत असेल तर एकदा केबल लावून बघा. तुमच्याकडे मात्र सुरू व्हायलाच सात-आठ मिनिटं लागतात, म्हणजे अडचण डब्यातच आहे.

ती कुठे आहे हे विंडोज स्वतःच सांगतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी आली तर खाली 'मोअर डिटेल्स' आहे, त्यावर क्लिक करा. वरच्या ओळीत सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क असे रकाने आणि त्यांचे टक्के दिसतात. हे दोनदा बघायचं: एकदा कॉम्प्युटर सुरू झाल्याबरोबर आणि एकदा पंधरा-वीस मिनिटांनी, नेहमीचं काम चालू असताना. सुरुवातीच्या काही मिनिटांत विंडोज अपडेट तपासतं, सुरक्षेची तपासणी करतं, त्यामुळे तेव्हा डिस्क १०० टक्के दिसली म्हणून घाबरायचं नाही. पंधरा मिनिटांनंतरही ती १०० वरून हलत नसेल, तर मूळ सापडलं समजा.

इथे बरेच जण एक चूक करतात. डिस्क १०० टक्के दिसली की लगेच डिस्कला दोष देतात. आधी शेजारचा मेमरीचा रकाना बघा. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर विंडोज रॅममध्ये न मावणारा भाग डिस्कवर लिहितं आणि लागला की परत वाचतं. म्हणजे राबताना डिस्क दिसते, पण कमतरता रॅमची असते. ४ जीबीवर क्रोमचे सात-आठ टॅब आणि एक मोठी एक्सेल फाइल उघडली की हे होणारच.

मेमरी ६०-७० टक्क्यांवर असून डिस्क १०० असेल तर 'परफॉर्मन्स' या टॅबवर जा आणि डिस्कवर क्लिक करा. तिथे 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' असा आकडा मिलिसेकंदांत दिसतो. तो दहा-वीसच्या आसपास खेळत असेल तर डिस्कची तब्येत बरी आहे, फक्त काम जास्त आहे. तो सतत पाचशे, हजार, दोन हजार असा दाखवत असेल आणि वाचण्या-लिहिण्याचा वेग मात्र एक-दोन एमबीवर रेंगाळत असेल, तर डिस्क दमलीय किंवा मरायला टेकलीय. मग पुढची कुठलीही सफाई करण्याआधी डेटाची कॉपी काढायची.

डिस्कची तब्येत नक्की कळायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते फक्त त्याच्या मूळ साइटवरूनच घ्या. ते उघडलं की निळ्या रंगात 'गुड', पिवळ्या रंगात 'कॉशन' किंवा लाल रंगात 'बॅड' असं दिसतं. खालच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने बाजूला काढलेले भाग. सी५ म्हणजे जे वाचताना अडतायत आणि ज्यांचा निकाल लागायचाय ते भाग. सी६ म्हणजे वाचताच न आलेले. हे आकडे शून्य असले तर निर्धास्त राहा. आज शून्य नसतील आणि आठवड्याने वाढलेले दिसले, तर ती डिस्क वापरातून काढायची वेळ आली. अशा डिस्कवर डिफ्रॅग (विखुरलेल्या फाइली नीट लावणं) चालवू नका, चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका तपासणं) चालवू नका, फॉरमॅट तर मुळीच नको. या तिन्हींत डिस्कला तासन्‌तास राबावं लागतं आणि त्या राबण्यातच ती जाते. आधी फोटो, मग हिशेबाच्या फाइली, मग बाकीचं, या क्रमाने दुसऱ्या डिस्कवर उतरवा.

डिस्क चांगली असली तरी कॉपी काढाच. ऑगस्ट २०१९ च्या पुरात जयंती नाल्याकाठच्या भागांत घरांत पाणी शिरलं. त्यानंतर किती तरी कॉम्प्युटर चिखलासकट आमच्याकडे आले. ज्यांची एक कॉपी पाहुण्यांच्या घरी किंवा ऑनलाइन होती त्यांचा फक्त डबा गेला. कॉपी कपाटात, त्याच घरात ठेवली असेल तर ती पुरेशी नाही.

एवढं झालं की बिनखर्चाची कामं. यातलं सगळ्यात परिणामकारक काम म्हणजे टास्क मॅनेजरमधला 'स्टार्टअप' टॅब. कॉम्प्युटर चालू होताना आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची ही यादी, आणि प्रत्येकापुढे 'स्टार्टअप इम्पॅक्ट' म्हणजे तो सुरुवातीला किती भार टाकतो तेही लिहिलेलं असतं. मीटिंगची ॲप, टॉरेंट, गेमचे लाँचर, पीडीएफचे अपडेटर, प्रिंटरचे मदतनीस, गाण्यांची ॲप, हे सगळं उजवं क्लिक करून 'डिसेबल' करा. डिसेबल केलं म्हणजे प्रोग्रॅम उडत नाही, फक्त हाक मारल्याशिवाय येत नाही. दोन गोष्टींना हात लावू नका: अँटिव्हायरस आणि ज्यांच्या नावात आवाजाचा किंवा टचपॅडचा ड्रायव्हर दिसतो ते. एखादं नाव ओळखू येत नसेल तर उजवं क्लिक करून 'सर्च ऑनलाइन' निवडा आणि कळेपर्यंत राहू द्या.

दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊकच नसते. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबवर सीपीयू निवडा आणि खाली 'अप टाइम' बघा. तुम्ही रोज रात्री शटडाउन करता, तरी तिथे महिनाभराचा आकडा दिसू शकतो. कारण विंडोज १० मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन करताना विंडोजचा गाभा पुसला जात नाही. तो डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तसाच परत उचलला जातो. साठलेली गुंतागुंतही त्याच्याबरोबर उचलली जाते. 'रीस्टार्ट' मात्र खरोखर सगळं नव्याने सुरू करतं. आठवड्यातून एकदा शटडाउनऐवजी रीस्टार्ट करा. अर्ध्या तक्रारी मी फोनवर एवढं सांगूनच मिटवतो.

आता ब्राउझर. घरातल्या कॉम्प्युटरवर निम्मं काम ब्राउझरमध्येच होतं, आणि निम्मा कचराही तिथेच साचतो. एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमांची, यादी उघडा आणि जी तुम्ही स्वतः, कारण माहीत असताना बसवली नाहीत ती काढा. कूपन देणारी, पीडीएफ बदलून देणारी, व्हिडिओ उतरवणारी एक्स्टेन्शन तुमच्या नकळत येऊन बसतात आणि प्रत्येक पान वाचतात. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'सिस्टम' खाली, क्रोम बंद केल्यावरही ॲप मागे चालू ठेवायची परवानगी असते, ती काढा. 'परफॉर्मन्स' खाली 'मेमरी सेव्हर' आहे, तो चालू करा. न वापरलेले टॅब तो रॅममधून उतरवतो. ४ जीबीवाल्यांना याचा फायदा लगेच जाणवतो.

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले, इथे क्लिक करा" असं येत असेल, तर तो व्हायरस नसतो. कधी तरी एखाद्या साइटने 'अलाऊ' दाबायला सांगितलं, मुलांनी किंवा आपण दाबलं, आणि आता ती साइट ब्राउझरमधून नोटिफिकेशन पाठवते. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'साइट सेटिंग्ज', मग 'नोटिफिकेशन्स' इथे जा आणि अनोळखी नावं काढून टाका. त्या सूचनेवर मात्र क्लिक करू नका, तिथे दिलेल्या नंबरवर फोन तर नकोच. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आवर्जून सांगा, कारण त्या नंबरवर फोन करणाऱ्यांचे पैसे जातात.

अँटिव्हायरस एकच ठेवा. दोन असले की प्रत्येक फाइल दोघंही तपासतात आणि एकमेकांच्या वाटेत येतात. मुदत संपलेला, महिनोन्‌महिने नूतनीकरणाची आठवण देत बसलेला असेल तर तो काढून टाका. विंडोजमधला डिफेंडर आपोआप जागा होतो आणि घरगुती वापराला पुरतो. 'एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर दहापट फास्ट' म्हणणारी सॉफ्टवेअर आणि रजिस्ट्री (विंडोजची आतली नोंदवही) साफ करणारी हत्यारं घरात आणूच नका. रजिस्ट्रीतल्या जुन्या नोंदी काढून वेग वाढत नाही, पण चुकीची नोंद गेली तर विंडोज उठत नाही. आणि भरवशाचं नाव असलं म्हणून निर्धास्त राहता येत नाही: २०१७ मध्ये सीसीक्लीनरच्या अधिकृत आवृत्तीतच घुसखोरांनी मालवेअर घुसवला होता आणि तो लाखो कॉम्प्युटरपर्यंत पोचला. विंडोजमध्ये आहे तेवढं सफाईला पुरेसं आहे.

काहीच उघडलेलं नसताना सीपीयू ८०-९० टक्क्यांवर पळतोय, पंखा जोरात आहे, असं असेल तर प्रकरण वेगळं. क्रॅक केलेलं विंडोज किंवा ऑफिस चालवायला जे 'ॲक्टिवेटर' टाकतात, त्यांच्याबरोबर बऱ्याचदा दुसऱ्याच कुणासाठी तुमची वीज जाळणारे प्रोग्रॅम येतात. डिफेंडरमध्ये 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. तरी थांबलं नाही तर तिथे मात्र कॉपी काढून फॉरमॅट मारणंच योग्य.

जागेबद्दल एक गैरसमज आहे. १ टीबीच्या डिस्कवर ४०० जीबी मोकळी असताना आणखी फोटो उडवून वेग वाढत नाही. सी ड्राईव्ह गच्च भरलेला असेल तरच जागा करण्याने फरक पडतो. बऱ्याच जणांच्या डिस्कचे भाग पाडलेले असतात, सी ला शंभर जीबी आणि बाकी डी-ई मध्ये. त्यात डी रिकामा आणि सी लाल झालेला. सी वर पंधरा-वीस टक्के जागा मोकळी राहू द्या. सेटिंगमध्ये 'सिस्टम', मग 'स्टोरेज', मग 'टेम्पररी फाइल्स' इथे गेलात की काय काय काढता येईल ते दिसतं. तिथल्या यादीत 'डाउनलोड्स'सुद्धा असतं, त्याची टिक काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. मुलीच्या मार्कशीट, भरलेले फॉर्म, बँकेचे कागद बहुतेक तिथेच पडलेले असतात, आणि इथून काढलेलं रीसायकल बिनमध्येही सापडत नाही.

दिसण्यातली सजावट कमी करायची तर 'परफॉर्मन्स ऑप्शन्स' मध्ये 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडता येतं. पण त्यातली 'स्मूथ एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स' ही टिक परत लावा, नाहीतर मराठी अक्षरं, विशेषतः जोडाक्षरं आणि वेलांट्या, करवतीने कापल्यागत दिसतात आणि वाचताना डोळे दुखतात. पॉवर प्लॅन 'पॉवर सेव्हर' वर असेल तर 'बॅलन्स्ड' वर आणा. डिफ्रॅगच्या मागे लागायचं कारण नाही, हार्डडिस्कसाठी विंडोज ते ठरलेल्या वेळी स्वतः करतं.

आता डबा उघडू. आपल्याकडे याचं महत्त्व जास्तच. शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या ऑफिसांतून जे कॉम्प्युटर येतात, त्यांत लेथची बारीक लोखंडी धूळ असते; ती बोर्डावर ओल धरून बसली की शॉर्ट होण्याची भीती. घरच्या कॉम्प्युटरमध्ये निराळंच असतं. डबा टेबलाखाली जमिनीवर असतो, झाडताना उडालेलं सगळं तो आत ओढतो. प्रोसेसरवरचा पंखा वरून बघितला तर स्वच्छ वाटतो. टॉर्च मारून पंख्याच्या पात्यांमधून खाली बघा: ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर धूळ, केस आणि कापसाचे धागे यांची करड्या रंगाची जाड चटई बसलेली असते. पंखा वरून हवा ढकलतो, पण ती पट्ट्यांपर्यंत पोचतच नाही. प्रोसेसर तापतो, आणि साधारण १०० अंशांना पोचला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच उतरवतो.

हे होतंय का ते टास्क मॅनेजरमध्येच कळतं. सीपीयूच्या पानावर उजवीकडे 'बेस स्पीड' लिहिलेला असतो. काम भरपूर चालू असताना, सीपीयूचे टक्के चढलेले असताना, चालू 'स्पीड' त्या आकड्याच्या बराच खाली असेल, आणि पॉवर प्लॅन ठीक असेल, तर उष्णतेचा संशय घ्या.

सफाई अशी करा. शटडाउन करा, प्लग भिंतीतून काढा, सगळ्या वायरी सोडवा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाते. वायरी काढण्याआधी मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो घ्या. डबा गॅलरीत न्या. डाव्या बाजूचे मागचे दोन स्क्रू काढले की झाकण सरकतं. आतल्या लोखंडी सांगाड्याला हात लावा म्हणजे अंगातला स्टॅटिक उतरतो. रंगाचा मऊ, कोरडा ब्रश घ्या आणि पट्ट्यांतली चटई सुटी करा. मग ब्लोअरने, वीतभर अंतर ठेवून, थोडं थोडं उडवा. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो भलत्या वेगाने फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीला स्टॅटिक साचतो. ओलं फडकं अजिबात नको. आणि पॉवर सप्लायचा चौकोनी डबा कधीही उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्याच्या आत जोराचा झटका देईल इतकी वीज राहते. त्याच्या जाळीतून बाहेरून फुंकर घाला, बास.

प्रोसेसर आणि पट्ट्या यांच्यामध्ये एक पेस्ट असते, ती इतक्या वर्षांत वाळून खडूसारखी होते. धूळ काढूनही तापत असेल तर ती बदलावी लागते. त्यासाठी पंखा बोर्डावरून सोडवावा लागतो, आणि त्याच्या चार प्लॅस्टिकच्या पिना जोर केला की तुटतात. हे माहीतगाराकडून करून घ्या, काम अर्ध्या तासाचं आहे.

पावसाळ्यात कॉम्प्युटर आठ-पंधरा दिवस बंद राहिला आणि मग बीप मारत चालूच झाला नाही, तर लगेच बोर्ड गेला म्हणून घाबरू नका. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी टोकांवरून साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कोरड्या ब्रशने झाडा आणि टिक असा आवाज येईपर्यंत परत बसवा. जून ते सप्टेंबर आमच्याकडे येणाऱ्या बंद डब्यांत हे फार आढळतं. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी तासभर कॉम्प्युटर चालू ठेवा. आणि वाऱ्यापावसात लाइट सारखी ये-जा करते त्या भागात यूपीएसशिवाय हार्डडिस्क चालवू नका.

आता खर्चाचं. तुमच्या वर्णनावरून माझा कौल स्पष्ट आहे: पहिला रुपया एसएसडीवर, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी लागणाऱ्या वेगवान डिस्कवर घाला. हार्डडिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांनी फिरतात आणि एक काटा पुढे-मागे सरकून माहिती उचलतो. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कमध्येसुद्धा हवी ती जागा काट्याखाली यायला सरासरी चार मिलिसेकंद आणि काटा तिथवर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेल्या छोट्या फाइली ती सेकंदाला सत्तर-ऐंशी, फार तर शंभर उचलते. विंडोज उठताना तर हजारो छोट्या फाइली मागतं. रविवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलात सगळी टेबलं भरलेली आणि वाढपी एकच, मग आत कट कितीही तयार असो, पाव टेबलापर्यंत यायला वेळ लागणारच. तुमच्या डिस्कचं नेमकं तसंच झालंय. एसएसडीत फिरणारं, सरकणारं काहीच नसतं. असेच तुकडे ती सेकंदाला हजारोंनी उचलते. तुमच्यासारख्या कॉम्प्युटरला एसएसडी लावल्यावर सात-आठ मिनिटांची सुरुवात अर्ध्या-पाऊण मिनिटावर येते, हे मी पुन्हा पुन्हा बघत आलोय.

तुम्हाला २.५ इंची साटा एसएसडी लागेल. तुमच्या काळातल्या स्वस्त बोर्डांवर छोट्या एम-डॉट-टू पट्टीची जागा बहुधा नसते, म्हणून बोर्ड न बघता ती पट्टी घेऊ नका. २४० किंवा २५६ जीबी पुरते: त्यावर विंडोज आणि प्रोग्रॅम ठेवा, आणि जुनी १ टीबी डिस्क चांगली असेल तर फोटोंसाठी तशीच राहू द्या. बिलावर घ्या, वॉरंटी बघा. ऑनलाइन अगदी कवडीमोलात '२ टीबी' म्हणून मिळतात त्या बनावट असतात. आत छोटी मेमरी असते आणि ती भरली की जुन्या फाइली खराब होतात.

जुन्या डिस्कवरचं विंडोज जसंच्या तसं एसएसडीवर उतरवता येतं, त्याला क्लोन म्हणतात. पण इतक्या वर्षांचा कचराही त्याच्यासकट येतो. तुमच्या बाबतीत मी नव्याने विंडोज टाकायला सांगेन. जुनी डिस्क त्या वेळी काढून बाजूला ठेवायला सांगा, म्हणजे चुकून तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. आणि एसएसडी नीट चालते याची खात्री होईपर्यंत, दोन-तीन आठवडे, त्या डिस्कवरचं काहीही पुसू नका. तुमचं विंडोज अस्सल आणि आधीच ॲक्टिव्हेट झालेलं असेल तर त्याचा परवाना बोर्डाशी जोडलेला राहतो. तीच आवृत्ती टाकून नेट लावलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. एसएसडीवर डिफ्रॅगची सॉफ्टवेअर चालवू नका, तिची निगा विंडोज वेगळ्या पद्धतीने राखतं.

दुसरा खर्च रॅमचा. ४ चे ८ जीबी करा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर रॅमचा वेग आणि 'स्लॉट्स यूज्ड' दिसतं. 'दोनपैकी एक' असेल तर आणखी एक ४ जीबीची पट्टी लावता येईल. डीडीआर-थ्री आणि डीडीआर-फोर या पट्ट्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीची दुसरीत बसत नाही. तेव्हा आहे त्या पट्टीवरच्या लेबलचा फोटो काढून दुकानात दाखवा. भाव सारखे वरखाली होतात, दोन ठिकाणी विचारा. आणि आधी सेटिंगमध्ये 'अबाऊट' खाली विंडोज ६४ बिट आहे ना ते बघा. ३२ बिटचं असेल तर ते ४ जीबीच्या पलीकडे रॅम वापरतच नाही. नव्याने टाकताना ६४ बिटचंच टाका.

आता जे दुकानदाराने सांगायला हवं होतं ते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षेच्या अपडेटसाठी नाव नोंदवलं तर घरगुती वापरकर्त्यांना त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. सेटिंगमध्ये 'विंडोज अपडेट' मध्ये ती नोंदणी दिसते. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, तुमचा सातव्या पिढीचा, म्हणजे एका पिढीने हुकला. आडवाटेने ते बसवून देणारे भेटतील, पण पुढच्या अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून हिशेबाच्या कॉम्प्युटरवर मी ते करून देत नाही.

मग एसएसडीवरचा खर्च वाया जाईल का? नाही. उद्या दुसरा कॉम्प्युटर घेतला तर ती एसएसडी त्यात लावता येते. आणि फक्त फॉर्म, मेल, व्हिडिओ एवढंच काम असेल तर याच डब्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टम मोफत टाकता येतं. ४ जीबीवरही ते बरं चालतं आणि त्याला सुरक्षेच्या अपडेट मिळत राहतात. अडचण एकच. जुन्या पद्धतीची मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर आणि हिशेबाचे काही प्रोग्रॅम फक्त विंडोजवरच चालतात. मिस्टरांचा हिशेब साध्या एक्सेलचा असेल तर लिब्रेऑफिस या मोफत प्रोग्रॅममध्ये त्या फाइली उघडतील, पण मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) लावलेले असतील तर आधी एका फाइलवर करून बघा. मिंट पेन ड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवता येतं. मुलीला एक दिवस त्यावर तिचे फॉर्म आणि पीडीएफ उघडून बघू द्या. तिचं अडलं नाही तर टाकून घ्या; अडलं तर विंडोज १० वर वाढीव अपडेटची नोंदणी करा आणि नव्या कॉम्प्युटरसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत सवडीने पैसे बाजूला काढा.